स्पेक्ट्रम ॲनालायझर वापरताना: आकड्याआधी सेटिंग पाहा

आमच्याकडून भाड्याने नेलेल्या स्पेक्ट्रम ॲनालायझरबद्दल (कोणत्या वारंवारतेवर किती पॉवर आहे हे दाखवणारं मशीन) सर्वाधिक येणारी तक्रार अशी: "वाय-फाय मॉड्यूल २० डीबीएमचं आहे, पण तुमचा ॲनालायझर उणे दोनच दाखवतो." (डीबीएम म्हणजे १ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर.) बहुतेक वेळा मॉड्यूलही ठीक असतं आणि मशीनही.

वाय-फायचा सिग्नल जवळजवळ १७ मेगाहर्ट्झ रुंदीत पसरलेला असतो. आरबीडब्ल्यू, म्हणजे मशीन एका वेळी जेवढा पट्टा मोजतं त्याची रुंदी, १०० किलोहर्ट्झ ठेवली तर मार्करला (पडद्यावर एका बिंदूचा आकडा वाचणाऱ्या खुणेला) एकूण पॉवरचा एक लहानसा तुकडाच मिळतो. सरासरी डिटेक्टरवर (डिटेक्टर म्हणजे प्रत्येक बिंदूला कोणता आकडा दाखवायचा हे ठरवणारी सेटिंग) हा फरक सुमारे २२ डीबी पडतो. पसरलेल्या सिग्नलची पॉवर मार्करने मोजूच नका. 'चॅनेल पॉवर' हे मापन निवडा आणि मॉड्यूल टेस्ट मोडमध्ये सतत ट्रान्समिट करत ठेवा. मधेमधे बंद पडणाऱ्या सिग्नलची सरासरी कमीच येणार. उलट, मॉड्युलेशन नसलेल्या साध्या कॅरिअरची, म्हणजे एकाच वारंवारतेच्या सिग्नलची, पातळी आरबीडब्ल्यू बदलली तरी तीच राहते.

बदलतो तो नॉइज, म्हणजे पार्श्वभूमीचा गोंगाट. आरबीडब्ल्यू दहापट कमी केली की नॉइजची पातळी १० डीबीने खाली जाते. १ मेगाहर्ट्झला उणे ८९ डीबीएमवर असलेला नॉइज १ किलोहर्ट्झला उणे ११९ वर येतो, आणि उणे ९५ चा दडलेला स्पर (नको असलेला छोटा सिग्नल) दिसू लागतो. स्पॅन (पडद्यावर दिसणारा वारंवारतेचा पट्टा) मोठा ठेवून 'ऑटो'वर शोधाल, तर आरबीडब्ल्यूही आपोआप मोठी राहते आणि तो सापडत नाही. याची किंमत वेळेत मोजावी लागते: जुन्या स्वीप होणाऱ्या (पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने मोजणाऱ्या) मशीनवर आरबीडब्ल्यू दहापट कमी केली की स्वीपला साधारण शंभरपट वेळ लागतो. म्हणून आधी स्पॅन आवळा, मग आरबीडब्ल्यू कमी करा. घाईने स्वीप टाइम हाताने कमी केलात तर पडद्यावर 'अनकॅल' (अनकॅलिब्रेटेड, म्हणजे आकडा भरवशाचा नाही) अशी सूचना येते. त्या वेळचा आकडा लिहून घेऊ नका. शिखर खाली आलेलं आणि बाजूला सरकलेलं असतं. व्हीबीडब्ल्यू, म्हणजे मोजणीनंतरच्या व्हिडिओ फिल्टरची रुंदी, कमी केल्याने रेषा गुळगुळीत होते, नॉइजची सरासरी पातळी मात्र खाली जात नाही.

आता अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग), कारण खर्चाचा विषय तो आहे. बऱ्याच मशीनची इनपुट मर्यादा +३० डीबीएम, म्हणजे १ वॉट असते. डीसी व्होल्टेजची मर्यादा कनेक्टरजवळ छापलेली असते, ती वाचा. ५ वॉटचा वॉकी-टॉकी म्हणजे +३७ डीबीएम. तो थेट जोडू नका. मधे ३० डीबीचा, पुरेशा वॉटचा बाहेरचा अटेन्युएटर लावा आणि मशीनमध्ये तेवढा ऑफसेट (आकड्यात मिळवायची भर) भरा. 'आतला अटेन्युएटर वाढवला की झालं' हा समज महागात पडतो.

हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतला सिग्नल) दिसला की लगेच सर्किटला दोष देऊ नका. आतला अटेन्युएशन १० डीबीने वाढवून पाहा. हार्मोनिकची पातळी तशीच राहिली तर तो तुमच्या सर्किटचा. घसरली तर मशीनच्या मिक्सरमध्ये (वारंवारता बदलणाऱ्या भागात) तयार झालेला. आमच्या मते ही चाचणी प्रत्येक रिपोर्टआधी करावी, अर्धा मिनिटही लागत नाही. केबलही हिशेबात धरा: एक मीटर आरजी-५८ केबल २.४ गिगाहर्ट्झला साधारण एक डीबी खाते.

ईएमआयची (उपकरणातून होणाऱ्या विद्युतचुंबकीय हस्तक्षेपाची) पूर्वतपासणी करणाऱ्यांना आरबीडब्ल्यू मनाने ठरवता येत नाही. सिस्परच्या (रेडिओ हस्तक्षेपाविषयीची आंतरराष्ट्रीय समिती) मानकांप्रमाणे १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ९ किलोहर्ट्झ, ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झमध्ये १२० किलोहर्ट्झ, आणि त्यावर १ मेगाहर्ट्झ. १ गिगाहर्ट्झच्या आत पहिली फेरी पीक (सर्वोच्च आकडा धरणाऱ्या) डिटेक्टरवर घ्या. मर्यादेच्या जवळ किंवा वर जाणाऱ्या वारंवारताच क्वासी-पीक डिटेक्टरवर (सिग्नल किती वेळा येतो तेही धरणाऱ्या) तपासा, कारण क्वासी-पीक फार हळू चालतो.

अडचण आली तर स्क्रीनचा फोटो पाठवा. मात्र खालचा पट्टा कापू नका: आरबीडब्ल्यू, स्पॅन आणि स्वीप टाइम बहुधा तिथेच असतात. रेफरन्स लेव्हल (पडद्याच्या वरच्या रेषेची पातळी), अटेन्युएशन आणि डिटेक्टरही फोटोत दिसू द्या.