रॉबर्ट बर्न्सचा जीव दारूने घेतला नाही

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स दारूपायी 37व्या वर्षी गेला, असं आजही सर्रास सांगितलं जातं. या समजाला वजन आलं ते लिव्हरपूलच्या डॉ. जेम्स करी यांच्यामुळे. 1800 साली त्यांनी बर्न्सचं चरित्र लिहिलं आणि त्याच्या व्यसनावर बोट ठेवलं. करी स्वतः दारूचे कडवे विरोधक. शिवाय बर्न्सवर त्यांनी कधी उपचार केलेच नव्हते!

बर्न्स प्यायचा, हे खरंच. पण पोरवयापासून शेतात राबलेल्या या माणसाला सांधेदुखी होती, छातीत धडधडायचं. संधिवाताच्या तापाने निकामी झालेलं हृदय, हेच कारण पुढच्या बहुतेक डॉक्टरांना पटतं. आणि उपचार काय, तर जुलै 1796मध्ये सॉल्वेच्या गार खाडीत बगलेपर्यंत बुडून उभं राहायचं! 21 जुलैला तो डम्फ्रीसमध्ये वारला.