न निघणारा स्टिकर

गेल्या दिवाळीत मामांसाठी ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, मागवला. खोक्यातून बाहेर काढला तेव्हा पडद्यावर 'आधी चार्जर लावा' असं सांगणारं चित्र होतं. मामांनी चष्मा चढवला आणि त्या चित्राचा कोपरा नखाने खरवडायला लागले. "अरे, हा स्टिकर निघत का नाहीये?"

तो स्टिकर नव्हताच. तो पडदाच होता, कारखान्यात शेवटचं उमटवलेलं चित्र विजेशिवाय धरून बसलेला. या तंत्रज्ञानाला मामांच्या नखाइतकी मोठी दाद कुणी दिली नसेल. मामींनी मात्र लांबूनच निकाल दिला, "शेवटी मोबाईलच की तो. डोळ्यांची वाट."

हा समज सार्वत्रिक आहे आणि त्याला बातम्यांनीही खतपाणी घातलंय. २०१४च्या अखेरीस अमेरिकेतला एक प्रयोग गाजला. त्यात १२ जणांनी झोपण्यापूर्वी काही रात्री ई-पुस्तक वाचलं, काही रात्री छापील. ई-पुस्तकाच्या रात्री झोप लागायला सुमारे १० मिनिटं जास्त लागली. 'ई-रीडरमुळे झोप उडते' असे मथळे आले, पण त्या प्रयोगात वापरलं होतं आयपॅड, म्हणजे मागून दिवा लावलेली काच. मामांच्या हातात होती ती वस्तू निराळी. ती जवळपास कागदाच्या जातीची.

कागद पांढरा का दिसतो? त्यातले तंतू स्वतः पारदर्शकच असतात. पण तंतू आणि मधली हवा यांच्या सीमेवर प्रकाश पुन:पुन्हा वळतो, विखुरतो आणि आपल्याकडे परत येतो. वडापावचा कागद आठवा. तेल लागलं तिथे तो आरपार दिसायला लागतो, कारण हवेची जागा तेलाने घेतली आणि विखुरणं थंडावलं. ई-रीडरच्या पडद्यात प्रकाश विखुरायचं काम टिटॅनियम डायऑक्साइड करतो. घराच्या भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच.

आता खरी गंमत. केसाच्या जाडीच्या आसपासच्या लक्षावधी पारदर्शक कुप्या पडद्यात पसरलेल्या असतात. प्रत्येक कुपीत स्वच्छ तेल, त्यात पांढरे आणि काळे कण. पांढऱ्यांवर एक विद्युतभार, काळ्यांवर त्याच्या उलटा. खालच्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे वीज देणाऱ्या थरावर, धन किंवा ऋण १५ व्होल्ट दिले की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाशी जातात. वर जे आले ते आपल्याला दिसतात. ही कल्पना १९७०च्या दशकात जपानमध्ये करून पाहिली होती, पण कण कालांतराने गोळा व्हायचे, एका बाजूला साचायचे. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी तेच द्रव इवल्याशा कुप्यांत कोंडलं. आता साचून साचणार तरी किती? १९९७ साली ई इंक कंपनी निघाली, २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये असा पहिला ई-रीडर विकायला काढला आणि २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनचं किंडल आलं.

वीज तोडली तरी कण जागच्या जागी का राहतात? दाट तेलात मिसळलेल्या पॉलिमरमुळे, म्हणजे लांबलचक साखळीच्या रेणूंमुळे, ते एकमेकांना हलकेच धरून राहतात, सायीसारखे. म्हणून पान उलटतानाच वीज लागते, वाचताना नाही. चार्ज आठवडेच्या आठवडे पुरतो तो यामुळे.

पण करड्या छटांचं काय? पडद्यावर अशा १६ छटा असतात. व्होल्टेज मात्र तीनच: अधिक, उणे, शून्य. तेव्हा छटा ठरते ती धक्के किती वेळ दिले यावर. त्यातही मेख अशी की पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला कुठल्या छटेकडे जायचंय एवढं सांगून भागत नाही, तो आत्ता कुठे आहे हेही माहीत असावं लागतं. १६ छटांतून १६ छटांकडे म्हणजे २५६ वाटा, प्रत्येकीचे धक्के वेगळे. शिवाय थंडीत तेल घट्ट होतं, कण रेंगाळतात, म्हणून पडद्याजवळ तापमापक असतो आणि दर तापमानाला वेगळं कोष्टक. आणि धन-ऋण धक्क्यांची बेरीज कालांतराने शून्यावर आली पाहिजे, नाहीतर भार साठून पडदा खराब होतो. पान उलटताना मधूनच पडदा काळा होऊन लुकलुकतो ना? बिघाड नाही तो. मागच्या पानाचं भूत पुसण्यासाठी सगळ्या कणांना एकदा कवायत करायला लावलेली असते.

मामी एव्हाना फराळाकडे वळल्या होत्या.

कागदाची बरोबरी अजून झालेली नाही, हे कबूल. चांगलं पुस्तकी पान त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी बराचसा परत देतं, हा पडदा जेमतेम ४०-४५ टक्के. म्हणून तो करडट वाटतो, आणि २०१२ च्या सुमारास कडेला छोटे दिवे सर्रास येऊ लागले. त्यांचा उजेड आधी पानावर पडतो आणि मग डोळ्यात येतो. बहुतेक रंगीत पडद्यांत वर रंगांची जाळी बसवतात, ती आणखी प्रकाश खाते. कादंबरीला साधा काळा-पांढराच बरा.

राहिले डोळे. जवळ धरून तासन्‌तास काहीही वाचलं की ते शिणतात, पोथी असली तरी. निळा प्रकाश अडवणारे महागडे चष्मे मात्र विसरा: २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा निदान अल्पकाळात तरी त्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असं दिसलं नाही. नव्या पानाची धास्ती आपल्याला नवी नाही म्हणा. मुद्रक गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून छापील कागदाला शिवायलाही कित्येक जण कचरत. त्यांनी चरबीऐवजी तूप घातलं, असं सांगतात.

कोणतं यंत्र घ्यावं? किंडल, कोबो, बूक्स, पडदा बहुतेकांचा एकाच कंपनीचा, त्यामुळे फरक दुकानाचा. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६च्या अखेरीपासून अधिकृतपणे मिळतात, पण दुकानाचं दार एकच. २००९ मध्ये हक्कांच्या भानगडीवरून अ‍ॅमेझॉनने इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेलची विकलेली पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसली होती. पैसे परत दिले, हे खरं. तरी कपाटातलं पुस्तक असं कुणी रात्रीत येऊन नेत नाही.

त्याला शत्रू वेगळा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कागद लाकडाच्या लगद्याचा झाला. शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटीच्या जातीचा क्षार घालत. त्यातून हळूहळू आम्ल तयार होतं आणि कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडत बसतं. म्हणून हातकागदावरची जुनी पोथी धडधाकट असते आणि तिच्यापेक्षा कितीतरी तरुण ग्रंथ पिवळा, कडक होतो.

मामांना हवा होता असाच एक जुना ग्रंथ. त्याची स्कॅन केलेली प्रत मी ई-रीडरवर चढवली. पण ती पडली पानांची छायाचित्रं. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर, लहान केलं की मुंग्या. सहा इंचांत ते बसेना. मामांनी दोन-तीन पानं इकडे-तिकडे सरकवली, यंत्र बाजूला ठेवलं आणि कपाटातून मूळ प्रत काढली. पान उलटलं, तर कोपरा बोटांत राहिला.