‘जपानी’ आजार आणि बीपीचा पट्टा

‘तकायासू हा जपानी लोकांचा आजार, आपल्याकडे होत नाही,’ असा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो. नाव ऐकून तसं वाटणं साहजिकच. पण नाव पडलं ते १९०८ मध्ये डोळ्याच्या पडद्यावरच्या विचित्र रक्तवाहिन्यांची नोंद करणाऱ्या जपानी डॉक्टरवरून. आजार भारतातही आढळतो, फक्त त्याची चाल जरा वेगळी.

यात महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) आणि तिच्या मोठ्या शाखांना सूज येऊन त्या अरुंद होतात. जपानमध्ये मान-हातांकडे जाणाऱ्या शाखा जास्त सापडतात. मग मनगटाची नाडी लागत नाही, चक्कर येते. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या अधिक. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचलं की ते सगळ्या शरीराचा रक्तदाब चढवतं. म्हणून पंचविशीतल्या मुलीचं बीपी १७० निघालं, तर ‘ऑफिसचं टेन्शन असेल’ म्हणून सोडू नये, मनगटाची नाडी छान लागत असली तरी.

पडताळायला पाच मिनिटं शांत बसा आणि पट्टा दोन्ही हातांना बांधून बघा. (एकच हात पुढे करायची आपली सवय!) वरच्या आकड्यात दहाहून जास्त फरक वारंवार आला तर डॉक्टरांना सांगा; त्याला इतर कारणंही असतात. फरक नसला तरी पोटातला आजार असू शकतो. ते कळतं सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांची चित्रं काढणाऱ्या तपासणीत.