दुसरा एसी, ईव्ही चार्जर की वरचा मजला? वायरमनच्या आधी वीज कंपनीकडे अर्ज

वीजबिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना असतो, म्हणजे एका वेळी किती किलोवॅट वीज ओढायला कंपनीची परवानगी आहे तो आकडा. घरात मोठं विजेचं काम काढायचं असेल तर पहिली नजर तिथे टाका. पुढचं सगळं महावितरणच्या ग्राहकांना धरून लिहिलं आहे. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटाचं मीटर असेल तर अर्ज त्या कंपनीकडे, मात्र राज्य वीज नियामक आयोगाचे नियम सगळ्यांना एकच.

आधी बेरीज करा. दीड टनाचा एसी साधारण दीड ते पावणेदोन किलोवॅट, साठवणीचा गिझर २, इन्स्टंट गिझर ३, इंडक्शन २. गाडीचा छोटा चार्जर ३.३ किलोवॅटचा, मोठा ७.४ चा. हा मोठा चार्जर २३० व्होल्टवर एकटाच ३२ अँपिअर ओढतो आणि तोही रात्रभर. जुन्या घरांचा मंजूर भार पुष्कळदा एक-दोन किलोवॅटच असतो. वायरमन घरातली वायर जाड करून देईल, एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) मोठा बसवेल; पण खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आणि मीटर जुनंच राहतं. मग मीटरपाशी वायर तापते, दिवे मंदावतात. म्हणून भारवाढीचा अर्ज आधी. बेरीज फार वाढली तर सिंगल फेजचं (वीज एका तारेवरून) थ्री फेज (तीन तारांवरून) करावं लागतं. त्याचा स्थिर आकार जास्त असतो आणि तो दर महिन्याला लागतो, तेव्हा उगाच थ्री फेज मागू नका.

अर्ज ज्याच्या नावावर मीटर आहे त्यानेच करायचा आणि थकबाकी नसावी. गाडी अडते ती इथेच: मीटर अजून आजोबांच्या नावावर असतं. तसं असेल तर आधी नावबदल करून घ्या. भाडेकरूला घरमालकाचं संमतिपत्र लागतं.

कागद फार नाहीत. ताजं बिल, ओळखपत्र, जागेचा पुरावा (घरपट्टीची पावती, इंडेक्स टू किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट) आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, म्हणजे घरातलं वायरिंग तपासल्याचा सहीचा दाखला. वायरिंग चांगलं करणारा प्रत्येक जण परवानाधारक नसतो, हे काम देण्यापूर्वीच विचारा. नंतर सहीसाठी दुसरा ठेकेदार शोधत फिरणं महागात पडतं.

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून करता येतो. उपविभाग कार्यालयातही देता येतो. जागेची पाहणी होते, कोटेशन (खर्चाचा आकडा) येतं, ते भरायचं, टेस्ट रिपोर्ट द्यायचा, मग गरजेप्रमाणे मीटर किंवा सर्व्हिस वायर बदलते. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पूर्ण अर्ज मिळाल्यावर कमाल मुदत महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात ७, ग्रामीण भागात १५ आणि डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवस. नवी लाइन ओढावी लागत असेल तर वेळ जास्त. ‘पूर्ण अर्ज’ हा शब्द महत्त्वाचा. एक कागद कमी असला की दिवस मोजणं सुरूच होत नाही.

छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांना याच दुरुस्तीने बरंच सोपं केलं. १० किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरला जातो आणि लागेल तेवढा मंजूर भारही कंपनीच वाढवते.

वरचा मजला चढवताना घराजवळची तार बघा. लघुदाब तारेपासून (घरांना वीज देणारी तार) उभं अंतर किमान २.५ मीटर, ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तारेपासून ३.७ मीटर आणि दोन्हींपासून आडवं १.२ मीटर लागतं. कमी असेल तर तार हलवण्यासाठी लेखी अर्ज द्या आणि तोवर त्या बाजूला सळई किंवा परांची बांधू देऊ नका. भिंत पाडताना मीटर ‘जरा बाजूला’ घेणारे मिस्त्री भेटतात. मीटरचं सील फक्त कंपनीचा माणूस तोडेल, जागा बदलायलाही अर्ज लागतो.

आणखी एक गोष्ट: खाली दुकान काढून घरगुती मीटरवर चालवू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

चौकशीला १९१२ आहे. मुदत उलटूनही काम अडलं तर अर्जाची पोच घेऊन ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. तिथल्या निर्णयावर वीज लोकपालांकडे दाद मागता येते.