पेसमेकर असेल तर कॅन्सरसाठी रेडिएशन घेता येत नाही? जरा थांबा

सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड दर काही महिन्यांनी फिरतो: 'पेसमेकर असलेल्याने रेडिएशन घेतलं की मशीन बंद पडून हार्ट थांबतं.' भीती अगदीच हवेतली नाहीये, रेडिएशनने आतलं सर्किट बिघडू शकतं किंवा सेटिंग रिसेट होऊ शकतं, पण म्हणून ट्रीटमेंटच नको हे चूक.

होतं काय, तर प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनवर पेसमेकरभोवती रेघ काढतात आणि कॉम्प्युटर सांगतो की त्याला एकूण किती डोस जाणार. साधारण 2 ग्रेच्या (ग्रे म्हणजे डोस मोजायचं एकक) आत ठेवायचा प्रयत्न असतो. बीम थेट त्यावरून जाऊ देत नाहीत, आणि 10 एमव्हीच्या (मेगाव्होल्ट, म्हणजे बीमच्या ताकदीचं माप) वरची एनर्जी टाळतात कारण त्यात न्यूट्रॉन तयार होतात आणि रिसेट बहुतेक त्यानेच होतो. मग प्रोस्टेटसारखी लांबची जागा असली तरी एनर्जी बघावीच लागते. ट्यूमर अगदी पेसमेकरखालीच असेल तर क्वचित तो दुसऱ्या बाजूला हलवतात.

'वरून शिशाचा एप्रन टाकला की झालं' हेही खरं नाही, बराचसा डोस शरीराच्या आतूनच पसरून येतो, तिथे एप्रन काय करणार!

खात्री करायचीय? परळच्या टाटा हॉस्पिटलला जा नाहीतर घराजवळच्या कॅन्सर हॉस्पिटलला, पेसमेकरचं कार्ड पहिल्याच भेटीत दाखवा (हे घरीच राहतं बरं का) आणि सरळ विचारा, डोस किती, एनर्जी किती, पेसमेकरचं चेकिंग केव्हा केव्हा. पेशंट पूर्ण पेसमेकरवर अवलंबून असेल किंवा शॉक देणारं आयसीडी असेल तर चेकिंग जास्त वेळा होतं.