पेमुतेरान

पेमुतेरान : इंडोनेशियातील बाली बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरचे एक गाव. बुलेलेंग जिल्ह्याच्या गेरोकगाक तालुक्यात, सिंगाराजाहून गिलिमानुकच्या फेरीधक्क्याकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर ते वसले आहे. पाठीशी कोरड्या डोंगरांची रांग, समोर शांत उथळ उपसागर आणि दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरे, शेते, देवळे. बालीला जाणारी बहुतेक मंडळी कुता, उबुद, चांगू या दक्षिणेकडच्या गजबजाटातच राहतात. विमानतळापासून साडेतीन-चार तास लागणाऱ्या पेमुतेरानचे नाव पाणबुडे आणि प्रवाळांचे अभ्यासक सोडले, तर फारसे कोणाला ठाऊक नसते. स्वतःच्या हाताने उद्ध्वस्त केलेला समुद्र या गावाने पुन्हा उभा केला. इथली जमीन, पैसा आणि पाहुणे यांचे सगळे व्यवहार त्या समुद्राशी बांधलेले आहेत.

बाली भाषेत ‘पुतेर’ म्हणजे फिरवणे, घुसळणे. आपण ज्याला समुद्रमंथन म्हणतो, त्या कथेला बालीत ‘पेमुतेरान मंदरगिरी’ असे म्हणतात. गावापासून थोड्या अंतरावर, कड्याच्या पायथ्याशी आणि थेट समुद्रासमोर, पुलाकीचे मोठे देऊळ आहे. सोळाव्या शतकात जावाहून आलेल्या निरर्थ या पुरोहिताशी त्याची आख्यायिका जोडलेली आहे. त्याने इथली एक अख्खी वस्ती अदृश्य केली आणि ती माणसे अजून तिथेच वावरतात, अशी श्रद्धा आहे. देवळाभोवतीची माकडे या स्थानाची राखण करतात असे मानतात. हातातला प्रसाद आणि डोळ्यांवरचा चष्मा मात्र ती सोडत नाहीत. जवळच मेलांतिंगचे देऊळ आहे. मेलांतिंग ही बाजाराची, व्यापारउदीमाची देवी. बेटभरातले दुकानदार आणि भाजीवाल्या बायका तिच्या दर्शनाला येतात.

बालीचे जे भातखाचरांचे चित्र सर्वत्र दिसते, ते इथे लागू पडत नाही. मधले डोंगर पाऊस अडवतात आणि हा किनारा पर्जन्यछायेत राहतो. मका, भुईमूग, मिरची ही इथली जुनी पिके. जोडीला गुरे आणि मासेमारी. पुढे या पट्ट्यात काळ्या द्राक्षांचे मांडव चढले. थंडीच नसल्यामुळे छाटणीचे गणित सांभाळून वर्षात एकाहून अधिक बहार घेता येतात, हे आपल्या नाशिक-सांगलीच्या बागाईतदाराला नवलाचे वाटेल. बुलेलेंगचे खास कालवण म्हणजे ‘जुकुत उंदिस’. उंदिस ही तुरीचीच काळसर दाण्याची जात. मसाल्यात शिजवलेली ती पातळ, गडद आमटी भातावर घेतली की मराठी माणसाला परक्या देशात बसल्यासारखे वाटत नाही.

गावाची खरी कहाणी १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुरू होते. शेती कोरडवाहू, म्हणून पोटासाठी समुद्र; आणि मासा झटपट मिळावा म्हणून बाटलीत भरलेली स्फोटके आणि सायनाइड. स्फोटाने मासा तरंगतो, पण त्याच्याबरोबर शेकडो वर्षांत वाढलेला प्रवाळ भुगा होऊन तळाशी बसतो. १९९७-९८च्या आशियाई आर्थिक संकटाने लोकांची कंबर मोडली आणि हे प्रकार आणखी वाढले. त्याच सुमारास एल निन्योने पाणी तापले, उरलासुरला प्रवाळ पांढरा पडून मेला. उपसागराच्या तळाशी दगडगोट्यांचे माळरान उरले.

२००० साली इथे ‘बायोरॉक’ तंत्राचा प्रयोग सुरू झाला. जर्मनीत जन्मलेले वास्तुविद वोल्फ हिल्बर्ट्झ आणि जमैकाचे सागरी शास्त्रज्ञ टॉम गोरो यांचे हे तंत्र. इ गुस्ती आगुंग प्राणा या बालीच्या पर्यटन व्यावसायिकाने आधीच इथे पाय रोवले होते. कोळ्यांच्या बैठका घेऊन, त्यांना मासेमारीची रीत बदलायला राजी करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. तंत्र सांगायला सोपे आहे. बांधकामाच्या सळया जोडून कमान, बोगदा, फूल अशा आकाराचा सांगाडा करायचा आणि तो काही मीटर पाण्यात तळावर ठेवायचा. किनाऱ्यावरून केबल टाकून त्यात अगदी कमी दाबाचा एकदिश प्रवाह सोडायचा. सांगाडा ऋणाग्र होतो, शेजारची जाळी धनाग्र. सळईभोवतीचे पाणी अल्कधर्मी होते आणि समुद्रात विरघळलेला चुना तिच्यावर साचू लागतो.

जवळ जाऊन पाहिले, तर सळईवरून हायड्रोजनचे बारीक बुडबुडे मोत्यांच्या सरीसारखे वर जाताना दिसतात. काही दिवसांत गंजाचा तांबूस रंग जाऊन राखाडी-पांढरी साय धरते आणि वर्षभरात ती एक-दोन सेंटीमीटर जाड, दगडासारखी टणक होते. वादळात किंवा नांगर लागून तुटलेले प्रवाळाचे तुकडे गोळा करून तारेने या सळयांना बांधतात. तुकडा आपले बूड चुन्यावर पसरतो, तार त्याच्या पोटात गडप होते आणि फांद्यांमधून इवले निळे मासे आत-बाहेर करू लागतात. ‘करांग लेस्तारी’, म्हणजे ‘प्रवाळ टिकून राहो’, या नावाने सुरू झालेल्या या प्रकल्पातले सांगाडे पुढे साठ-सत्तरच्या घरात गेले. २०१२ साली त्याला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. प्रवाह बंद पडला की वाढ मंदावते. म्हणून वीजबिल, केबलची दुरुस्ती आणि पाण्याखालची देखभाल हा इथला कायमचा खर्च आहे, आणि तो हॉटेले, बुडी मारायला नेणारी केंद्रे व पाहुण्यांच्या देणग्यांतून भागवावा लागतो. पैसे भरून आपल्या नावाने एक तुकडा लावून घेण्याची सोय किनाऱ्यावरच आहे. भारतातही हे तंत्र पोचले आहे : जानेवारी २०२० मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने गुजरातच्या वनखात्याबरोबर कच्छच्या आखातात मिठापूरजवळ ते वापरून पाहिले.

वीज आणि सळया यांचे कौतुक जगभर झाले. मला त्याहून मोलाची वाटते ती गावाची राखण. बालीत सरकारी ग्रामपंचायतीच्या बरोबरीने ‘देसा आदात’ म्हणजे परंपरागत गाव असते. त्याचे स्वतःचे नियम (‘आविग-आविग’) असतात आणि चौकड्यांची लुंगी नेसून उत्सवांचा बंदोबस्त ठेवणारे ‘पेचालांग’ असतात. पेमुतेरानने हेच पेचालांग समुद्रावर नेले. स्फोटके लावणाऱ्याला सरकारी गस्तीपेक्षा आपल्याच बंजारातल्या, म्हणजे वाडीतल्या, माणसांचे भय अधिक. दंड होतोच, पण सणासमारंभात आणि मर्तिकात शेजारी पाठ फिरवतील ही धास्ती त्याहून मोठी असते. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा कोळ्यांना ते आपल्या पोटावर आलेले वाटले होते. पेमुतेरानात बंदी गावानेच घातली आणि तिचे उत्पन्नही गावातच आले, हा फरक किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगा आहे.

इथे पैसा गुंतवू पाहणाऱ्या परदेशी माणसाने आधी जमिनीचा कायदा समजून घ्यावा. भाव दर ‘आरे’मागे सांगतात. आपल्या सातबाऱ्यावर हेक्टरशेजारी छापलेला तोच हा आर, १०० चौरस मीटरचा, गुंठ्याला जवळजवळ बरोबर. त्यामुळे आकडा ओळखीचा वाटतो आणि फसगतही तिथेच होते, कारण विकत घेण्याचा हक्कच परदेशी माणसाला नाही. १९६०च्या मूलभूत जमीन कायद्यानुसार ‘हाक मिलिक’ म्हणजे पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन मागून खासगी करार करण्याची ‘नॉमिनी’ची वाट दलाल अजूनही सुचवतात. तो व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होऊ शकते आणि दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क राहत नाही. ज्याचे नाव लावले त्याच्या वारसांशी पुढे होणारे तंटे वेगळेच.

कायदेशीर वाटा तीन. पहिली, भाडेपट्टा : बहुधा २५ ते ३० वर्षांचा, दर आर दर वर्ष असा भाव ठरवून सगळी रक्कम सुरुवातीलाच मोजायची. दुसरी, रहिवासी परवाना असलेल्यांसाठी ‘हाक पाकाई’ हा वापरहक्क. तो ३० वर्षांचा असून २० वर्षे वाढवता येतो आणि पुढे ३० वर्षांसाठी नव्याने मिळू शकतो. तिसरी, परदेशी भांडवलाची कंपनी काढून बांधकामहक्क घेणे. त्यासाठी साधारणपणे १० अब्ज रुपियांहून अधिक, म्हणजे पाच कोटी भारतीय रुपयांच्या वर, गुंतवणूक दाखवावी लागते. घरातल्या चार-पाच खोल्या भाड्याने देण्याचा ‘पोंडोक विसाता’ हा छोटा धंदा स्थानिकांसाठी राखलेला आहे, आणि ते योग्यच आहे. भरतीरेषेपासून बांधकाममुक्त पट्टा, १५ मीटरची उंचीमर्यादा (माडाच्या शेंड्याहून इमारत वर जाऊ नये, हा मूळ हिशेब) आणि देवळांभोवतीची मोकळी हद्द या अटी सगळ्यांनाच लागू आहेत. शिवाय परंपरागत गावाच्या मालकीची जमीन विक्रीला नसतेच. ती कसणाऱ्यावर देवळाच्या सेवेची जबाबदारी असते.

गावकऱ्यांची स्वतःची गुंतवणूक पाहिली, तर चित्र वेगळे दिसते. बालीच्या गावोगाव १९८४ पासून ‘एलपीडी’ नावाच्या पतसंस्था आहेत. त्या देसा आदातच्या मालकीच्या; होडीच्या इंजिनापासून मुलीच्या शिक्षणापर्यंतचे कर्ज तिथून उचलले जाते. गेरोकगाकच्या किनाऱ्यावर गोंडोल येथे सागरी मत्स्यसंवर्धनाचे सरकारी संशोधन केंद्र आहे. त्याच्या आधाराने ‘बांडेंग’ माशाच्या बीजाची असंख्य लहानमोठी उबवणकेंद्रे या पट्ट्यात उभी राहिली. रस्त्याकडेने सिमेंटचे हौद आणि त्यावर काळे कापड दिसले, की ते हेच. मोत्यांची शेतीही जवळच चालते. पर्यटन एका साथीने बंद पडू शकते, हे २०२० साली बालीने सोसले. तेव्हा आडगावांना अशा धंद्यांनी हात दिला.

जमिनीच्या अफवांपासून मात्र सावध राहावे. उत्तर बालीत, कुबुतांबाहान परिसरात, नवा विमानतळ होणार ही चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. २०२२ साली भूमिपूजन झालेला गिलिमानुक-मेंगवी टोल रस्ताही रखडला. दोन्हींच्या नावावर दलाल भाव चढवून सांगतात. दुसरीकडे याच तालुक्यात चेलुकान बावांग येथे कोळशावरचे वीजकेंद्र आहे, त्याचा उल्लेख जाहिरातीत येत नाही. घर घेण्याआधी ते नकाशावर पाहून घ्यावे.

राहायला येणाऱ्याला परंपरागत गावाच्या हिशेबात ‘तामिउ’ म्हणतात, म्हणजे पाहुणा. बाहेरून आलेला बाली हिंदू ‘क्रामा तामिउ’. वीस वर्षे राहिले तरी ही ओळख सहसा बदलत नाही. त्यात तुच्छता नाही : देवळाची सेवा, बंजारची कामे आणि मर्तिकाची मदत ज्याच्यावर बंधनकारक आहे तोच पूर्ण सदस्य, एवढा सरळ हिशेब आहे. पहाटे घराच्या उंबऱ्यावर, होडीच्या नाळेवर, दुकानाच्या गल्ल्याशी ‘चानांग’ ठेवतात. नारळाच्या कोवळ्या पातीची तळहाताएवढी चौकोनी टोपली, तिच्यात चार रंगांची फुले, चिमूटभर भात आणि वर धुमसती उदबत्ती. ती ओलांडू नये, पाय लागू देऊ नये. बाली नववर्षाच्या ‘न्येपी’ला २४ तास दिवा, प्रवास, काम सगळे बंद, विमानतळसुद्धा. आसपासच्या गावांत मुस्लिम वस्तीही जुनी आहे, त्यामुळे अजान आणि देवळातल्या गामेलान वाद्यवृंदाचे सूर एकाच संध्याकाळी ऐकू येतात. गावात प्राथमिक उपचार मिळतात, मोठ्या आजाराला सिंगाराजा गाठावे लागते.

भारतीय पारपत्रधारकाला पोचल्यावर मिळणारा ३० दिवसांचा व्हिसा ५ लाख रुपियांचा असून तो एकदा वाढवता येतो. त्यावर नोकरी किंवा धंदा करता येत नाही. बालीचा १ लाख ५० हजार रुपियांचा पर्यटक कर १४ फेब्रुवारी २०२४ पासून वेगळा भरावा लागतो. जावाच्या बान्युवांगीहून फेरीने गिलिमानुकला यायला तासाभराहून कमी वेळ लागतो आणि तिथून पेमुतेरान जवळ पडते. घड्याळ एक तास पुढे करायला विसरू नये. एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम उत्तम. बाली बारात राष्ट्रीय उद्यानातल्या मेंजांगान बेटाकडे होड्या इथूनही सुटतात. मेंजांगान म्हणजे हरीण. बेटावर हरणे आहेत, गणपतीची भव्य मूर्ती आहे आणि पाण्याखाली सरळ खोल उतरत जाणारी प्रवाळभिंत आहे. १९१२ साली प्रथम शास्त्रीय वर्णन झालेली, आज अतिसंकटग्रस्त असलेली पांढरी बाली मैना याच उद्यानात दिसू शकते.

खोल बुडी मारलेल्यांनी त्याच दिवशी बेदुगुलच्या घाटाने दक्षिणेला परतू नये. तो रस्ता हजार मीटरहून वर चढतो, आणि रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायच्या आत हवेचा दाब कमी झाला तर सांधे धरतात, प्रसंगी अर्धांगही होते. त्यावरच्या उपचाराचा दाबकक्ष थेट देनपासारला आहे. अशा वेळी एक रात्र गावातच काढावी, किंवा गिलिमानुकवरून किनाऱ्याकिनाऱ्याने जावे.