दगडी भिंतींनी घडवलेलं गाणं

५२८ हर्ट्झचा सूर ऐकला की शरीरातल्या पेशी दुरुस्त होतात आणि मध्ययुगातल्या ख्रिस्ती मठवासींना हे गुपित ठाऊक होतं, असं सांगणारे व्हिडिओ सध्या फिरताहेत. हे धादांत खोटं आहे. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आणि ती मोजायचं साधनच तेव्हा नव्हतं. मठातले लोक गळ्याला झेपेल त्या पट्टीत गायला सुरुवात करायचे. अकराव्या शतकात ग्वीदो या मठवासीने एका स्तोत्राच्या ओळींमधली सुरुवातीची अक्षरं घेऊन ‘उत, रे, मी, फा, सोल, ला’ शिकवायला सुरुवात केली. त्यात महत्त्व होतं ते सुरांमधल्या अंतरांना. अमुक सूर म्हणजे अमुक कंपनं, असं त्यात काहीच नव्हतं.

या भाकडकथेची चीड येते, कारण तिच्यामागे खरं भौतिकशास्त्र झाकून जातं.

रिकाम्या, मोठ्या कथीड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, टाळी वाजवली, तर ती लगेच विरत नाही. वर कमानींपर्यंत जाते, खांबांवर फुटते, परत येते आणि कित्येक सेकंद घुमत राहते. हा निनाद. आवाजाची ऊर्जा मूळच्या दहा लाखाव्या भागावर यायला जितका वेळ लागतो, तो निनादकाल.

त्याचं गणित अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी मांडलं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळेना. शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. सॅबिन यांनी रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या, आवाज शोषणाऱ्या गाद्या तिथे नेऊन मांडल्या, ऑर्गनचा एक पाइप वाजवून बंद केला आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. मग आणखी गाद्या आणि पुन्हा मोजणी. सकाळपर्यंत गाद्या जागेवर परत! यातून निघालेला नियम असा: निनादकाल = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण.

ढोबळ उदाहरण घेऊ. इमारत ५० मीटर लांब, २० रुंद, २० उंच. घनफळ २०,००० घनमीटर, आतला पृष्ठभाग ४,८०० चौरस मीटर. त्यावर आदळणाऱ्या ध्वनीपैकी सरासरी ५ टक्के शोषला जातो असं धरलं, तर शोषण २४० चौरस मीटर आणि निनादकाल सुमारे १३ सेकंद. आता ५०० माणसं आत आली. माणूस, कपड्यांसकट, साधारण अर्धा चौरस मीटर शोषण देतो. शोषण ४९० चौरस मीटर, निनादकाल साडेसहा सेकंद. भाविक नुसते येऊन बसले, तरी इमारतीचा आवाज बदलला!

साडेसहा सेकंदही बोलण्याला मारकच. आपण सेकंदाला चार-पाच अक्षरं उच्चारतो, म्हणजे पहिलं अक्षर विरण्याआधी पंचवीस-तीस अक्षरं त्याच्यावर येऊन पडतात. त्यात ‘स’, ‘त’, ‘क’ यांसारखे व्यंजनांचे आवाज क्षणिक आणि क्षीण असतात, तर स्वर दणकट आणि लांब. मागच्या स्वरांची शेपटी पुढच्या व्यंजनांना गिळते.

आता ग्रेगोरियन पद्धतीचं, म्हणजे मध्ययुगीन चर्चमधलं वाद्यांशिवायचं एकसुरी, स्तोत्रपठण ऐका. ओळीतली बहुतेक अक्षरं एकाच सुरावर येतात. त्यामुळे मागचा रेंगाळलेला सूर पुढच्या सुराशी भांडत नाही, उलट त्याला भर देतो. चाल हलते ती ओळीच्या शेवटाकडे, तीही बहुधा लगतच्या सुरांवर. ओळीच्या मध्ये थांबा असतो, त्यात साचलेला आवाज जरा ओसरतो. सुरात पठण करण्याची परंपरा या भव्य इमारतींपेक्षा जुनी आहे, तेव्हा सगळं श्रेय दगडाला देता येणार नाही. पण तिथे हीच शैली इतकी बहरली, ती या निनादामुळेच, असं मला ठामपणे वाटतं.

उलट उदाहरणही आहे. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर प्रवचन नीट ऐकू येणं महत्त्वाचं झालं. जर्मनीतल्या लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये लाकडी सज्जे आणि बैठकी आल्या. लाकूड दगडापेक्षा जास्त आवाज शोषतं, निनाद आखडला. १७२३ मध्ये संगीतकार योहान सेबास्टियन बाख तिथे संगीतप्रमुख म्हणून आले, तेव्हा एकमेकांचा पाठलाग करणाऱ्या वेगवान सुरावटींमधला प्रत्येक आवाज श्रोत्यांना सुटा ऐकू यावा, इतकी ती वास्तू निनादातून मोकळी झालेली होती.